सत्कार करायचाय? आधी तिचा खेळ मोजून घ्या

१९८३ साली मी सतरा वर्षांची होते. शालेय राज्य स्पर्धेत आमचा खो-खोचा संघ दुसरा आला आणि एसटीतून उतरल्या उतरल्या आम्हाला चावडीवर नेलं. पाच भाषणं झाली. प्रत्येकीला स्टीलचा डबा, नारळ आणि गुलाबाचं फूल मिळालं. पाचही वक्ते ‘मुली असूनही’ म्हणाले, पण आम्ही काय खेळलो ते एकानेही सांगितलं नाही.

गर्दी पांगल्यावर आमच्या आळीतली एक म्हातारी माझ्याजवळ आली. म्हणाली, “पोरी, किती वेळ सापडली न्हाईस गं?” मी म्हटलं, “तीन मिनिटं दहा सेकंद.” तिच्या घरी घड्याळ नव्हतं. “म्हंजी किती?” मी जरा विचार केला आणि सांगितलं, “आजी, भाकरी थापायची, तव्यावर टाकायची, पाणी लावायचं, उलटायची आणि फुगली की उतरवायची. तेवढा वेळ.” तिने विचारलं, “आन् मागं किती जणी?” म्हटलं, “एक पाठीवर, आठ पाटीवर बसलेल्या. कुठलीही कधीही उठणार.” आजीने तोंडावर हात ठेवला. “अगं बया!” एवढंच म्हणाली. डबा केव्हाच गेला. तिचं ‘अगं बया’ मात्र मला अजून ऐकू येतं.

पुढे माण तालुक्यात एकतीस वर्षं मी क्रीडाशिक्षिका होते. मुलींचे सत्कार भरवले, त्याहून जास्त पाहिले. आता निवृत्त झाल्यावर आसपासच्या गावांतून फोन येतात, “बाई, आमची पोर राज्याला खेळून आली. सत्कार करायचाय, काय काय करू?” त्यांना सांगते तेच इथे लिहिते आहे.

तारीख तिला विचारून

मंडप, पाहुणे, फ्लेक्स यांच्या आधी मुलीला आणि तिच्या प्रशिक्षकांना भेटा. पुढची स्पर्धा कधी आहे, परीक्षा कधी, सराव किती वाजता असतो, दुखापत काही आहे का, हे विचारा. सत्कार समितीत निदान एक बाई असू द्या. पाळीचे दिवस असतील तर मुलगी ते सरपंचांना सांगणार नाही, आणि उघड्या जीपवर भर उन्हात दोन तास उभी राहील.

वेळ सकाळी आठची धरा आणि जागा मैदानाची. पाऊण तासात आटोपा. खेळणारी पोर संध्याकाळी सातला जेवते आणि नऊला झोपते. तुमचा कार्यक्रम रात्री साडेनऊला सुरू होणार असेल तर दुसऱ्या दिवशीचा तिचा सराव तुम्ही बुडवला असं समजा.

हे मी चूक करून शिकले. एका गावात आमची पंधराशे मीटरवाली मुलगी प्रमुख पाहुण्यांची वाट बघत साडेतीन तास फेटा बांधून खुर्चीत बसली होती. दोन दिवसांनी विभागीय स्पर्धा होती. तिथे तिसऱ्या फेरीतच तिच्या पोटऱ्या धरल्या. त्याला ती एकच संध्याकाळ कारणीभूत होती असं मी म्हणणार नाही. पण त्या संध्याकाळी तिला जेवण आणि झोप हवी होती. मी तिची शिक्षिका, समोरच बसले होते, आणि उठून “तू घरी जा” म्हणायला माझी जीभ उचलली नाही. तेव्हापासून माझा नियम आहे: पाहुणे आले नाहीत तरी आठला सुरुवात. गावातल्या सगळ्यात लहान खेळाडूच्या हस्ते फूल द्यायचं.

ओळख लिहिणं, हेच खरं काम

सत्काराच्या तयारीला जेवढा वेळ घालवाल त्याच्या निम्मा तरी या कामाला द्या. एक वही घ्या आणि मुलीसोबत तासभर बसा. स्पर्धा कुठली, गट कुठला, तिची वेळ किंवा अंतर किंवा गुण किती, समोर कोण होतं, सगळ्यात अवघड क्षण कुठला, हे लिहून घ्या. ‘चमकदार कामगिरी’ असं लिहू नका. खो-खोच्या बातम्या वाचल्यात ना? ‘तीन मिनिटे संरक्षण आणि आक्रमणात चार गडी बाद.’ एका ओळीत सगळा सामना उभा राहतो. कबड्डी असेल तर किती चढाया, त्यात किती गुण, किती पकडी. धावण्यात वेळ. आणि तीच वेळ मागच्या वर्षी किती होती, तेही.

मग हा आकडा गावाला हातात धरता येईल असा करायचा. त्या आजीला भाकरी लागली, तुमच्या गावाला काय लागेल ते शोधा.

आमच्याच तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरचं उदाहरण सांगते. रिओ ऑलिम्पिकमध्ये १३ ऑगस्ट २०१६ ला तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटं १९.७६ सेकंद वेळ दिली. तो राष्ट्रीय विक्रम होता. पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीत ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला. अंतिम फेरी आपल्याकडे १५ ऑगस्टच्या संध्याकाळी झाली आणि ती दहावी आली. हे मी शाळेत सांगितलं तेव्हा मुलींनी टाळ्या वाजवल्या, पण चेहऱ्यांवरून कळत होतं की स्टीपलचेस म्हणजे काय ते कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही.

म्हणून आम्ही सुताराकडून एक जाड वासा आणला आणि दोन ठोकळ्यांवर शहात्तर सेंटिमीटर उंचीवर घट्ट बसवला. साधारण वर्गातल्या टेबलाएवढी उंची. नेहमीच्या अडथळ्याच्या शर्यतीत पाय लागला तर अडथळा पडतो, स्टीपलचेसमधला पडत नाही. धक्का लागला तर धावणारी पडते. असे अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरची उडी, म्हणजे एका शर्यतीत पस्तीस वेळा ओलांडायचं, आणि मध्ये धावणं थांबवायचं नाही. पालक सभेला आलेल्या बायांना मी म्हटलं, या, ओलांडून बघा. दोघी-तिघींनी पदर खोचला. तिसऱ्या खेपेला एकजण वाशावरच बसली आणि म्हणाली, “बाई, पस्तीस?” त्या दिवशी ललिताचा खरा सत्कार झाला, आणि ती तिथे नव्हती सुद्धा.

असं प्रत्येक खेळाचं करता येतं. मीराबाई चानूने टोकियो ऑलिम्पिकमध्ये वेटलिफ्टिंगच्या एकोणपन्नास किलो वजनगटात रौप्य घेतलं. स्नॅचमध्ये, म्हणजे जमिनीवरून एका झटक्यात डोक्यावर, ८७ आणि क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यापर्यंत आणि मग डोक्यावर, ११५, मिळून २०२ किलो. बाजारच्या दिवशी हमालांना सांगा: सिमेंटची दोन पोती आणि वर पंधरा किलो, दोन्ही हात सरळ करून डोक्याच्या वर. वजनाची खरी किंमत ज्यांना कळते त्यांच्याकडून आलेली दाद वेगळी असते. कविता राऊत नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची, २०१० च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये रौप्य. चारशे मीटरच्या ट्रॅकवर त्या पंचवीस फेऱ्या होतात. तुमच्या शाळेचं मैदान दोनशे मीटरचं असेल तर पन्नास. पोरांना पाच मारू द्या, बाकीच्या पंचेचाळीस त्यांना आपोआप कळतात. कबड्डीची चढाई तीस सेकंदांची असते. सगळ्या मंडपाला उभं करून एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणायला लावा आणि घड्याळ धरा.

मला सगळ्यात आवडतं ते साताऱ्याच्या अदिती स्वामीचं. ऑगस्ट २०२३, बर्लिन, तिरंदाजीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, कंपाउंड प्रकार, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. वय सतरा. अंतिम लढत तिने १४९–१४७ अशी जिंकली. पंधरा बाण, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण, म्हणजे दीडशेपैकी एकशे एकोणपन्नास. चौदा बाण दहाच्या वर्तुळात आणि एकच नऊवर. हे वर्तुळ किती मोठं असतं? आठ सेंटिमीटर. आमटीच्या वाटीचं तोंड घ्या, पुठ्ठ्यावर पेन्सिलीने गिरवा, आत पिवळा रंग द्या. मग पन्नास मीटर टेपने मोजा आणि पुठ्ठा तिकडे लावा. पुढच्या वेळी मुलं रांगेत उभी राहून त्या पुठ्ठ्याकडे बघतील तेव्हा तुम्हाला भाषण करावं लागणार नाही.

एक पथ्य मात्र पाळा. आकडा फुगवू नका. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जातात. मुलगी विभागाला खेळली असेल तर विभागच म्हणा आणि तिथपर्यंत पोहोचायला किती संघ हरवावे लागले ते सांगा. खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्रांची काटेकोर पडताळणी होते. फ्लेक्सवर ‘राष्ट्रीय’ आणि प्रमाणपत्रावर ‘विभागीय’ असलं की मान खाली घालायची वेळ तिच्यावर येते, तुमच्यावर नाही.

हे शब्द वहीतून खोडा

‘मुलगी असूनही’. हा शब्द पहिला खोडा. ज्या मुलीने तीन मिनिटं नऊ जणींना हुलकावण्या दिल्या ती मुलगी आहे म्हणून कमी धावायला हवी होती, असा त्याचा अर्थ होतो. ‘मुलांच्या तोडीस तोड’ हेही नको. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८–४० असं हरवलं. त्या अठ्ठ्याहत्तर गुणांना कुठल्या मुलाची फूटपट्टी लावायची?

‘रणरागिणी’, ‘वाघीण’ हे शब्द वाईट नाहीत, पण ते कुठल्याही मुलीला चिकटतात, त्यामुळे हिच्याबद्दल काहीच कळत नाही. सूत्रसंचालकाला सांगून ठेवा की रंग, उंची, लग्न आणि ‘पुढे सासरी गेल्यावर’ यातलं काही नको. नाव तिला विचारून लिहा, जसं तिला हवं तसं. आईचं नाव घ्यायचं का तेही विचारा. पहाटे चारला उठून डबा करणारी बाई बहुतेक सत्कारांत मागे चहा गाळत असते. तिला पुढे, मुलीच्या शेजारच्या खुर्चीत बसवा आणि चहाचं दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

खेळातलाच मान

शालीला माझा विरोध नाही. पण प्रत्येक खेळात मान द्यायची स्वतःची रीत असते, ती शोधा. कुस्तीत गदा असते. २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली आणि प्रतीक्षा बागडी जिंकली. गदा खांद्यावर घेतलेल्या तिच्या फोटोने जे सांगितलं ते शंभर हारांनी सांगितलं नसतं. ती गदा मुलीच्याही खांद्यावर असते हे आमच्या भागातल्या पोरींनी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आमच्याकडे खो-खोच्या मुलींसाठी आम्ही एक रीत पाडली. शाळेतल्या लहान मुली पाटीवर बसतात, एकाआड एक तोंडं करून. सत्कारमूर्ती खांबापासून सुरू होते आणि सगळ्यांमधून साखळी पळत दुसऱ्या खांबापर्यंत जाते. मग ती मागे फिरते आणि सगळ्यात लहान मुलीच्या पाठीवर हात ठेवून ‘खो’ देते. मग कार्यक्रम सुरू. ज्या चिमुरडीला तो खो मिळतो ती पुढे महिनाभर सरावाला दांडी मारत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

भेट काय द्यायची

तिला विचारा, आणि संकोच करू नका. ट्रॉफ्यांना गंज चढतो आणि एक कपाट भरल्यावर त्या पलंगाखाली जातात. धावणारीला स्पाइक्स, म्हणजे तळाला खिळे असलेले बूट हवे असतात, तिच्या मापाचे. म्हणून माप आधी घ्या, दुकानात तिला घेऊनच जा. खो-खो, कबड्डीवालीला नी-कॅप आणि चांगले बूट. एका गावात कुक्कुटपालन करणाऱ्या दादांनी जाहीर केलं, रोज चार अंडी, सहा महिने. हिशेब केला तर सातशेवीसच्या आसपास अंडी होतात. तो सगळ्यात उपयोगी सत्कार होता, कारण शेंगदाणे-गुळाच्या पुढे तिच्या खाण्यात काहीच नव्हतं. रोख रक्कम द्यायची तर चेकने, तिच्या स्वतःच्या खात्यावर.

सरावाला लागणारे आतले कपडे हा मुलींचा मोठा प्रश्न असतो आणि तो कुणी बोलत नाही. चांगली स्पोर्ट्स ब्रा महाग असते. ती नसल्यामुळे दोन शर्ट घालून धावणाऱ्या, नाहीतर खेळच सोडणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. हे व्यासपीठावर द्यायचं नाही. एखाद्या शिक्षिकेच्या हाती वेगळं पाकीट द्या. ती मुलीला बरोबर घेऊन जाईल.

आणि एक फाइल. सगळ्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स, खेळताना काढलेले फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणं, तारखेनिशी. दहावीचे क्रीडागुण असोत, शिष्यवृत्ती असो, नोकरी असो, कागद सापडला नाही म्हणून हुकलेल्या संधी मी मोजल्या तर रडू येईल.

फ्लेक्सबद्दल थोडक्यात: मोठा फोटो तिचा, तोही खेळतानाचा. शुभेच्छुकांची नावं खाली एका ओळीत, फोटो नकोत.

माइक तिच्या हातात

मुली भाषणाला घाबरतात, म्हणून भाषण मागू नका. एखादी मोठी खेळाडू किंवा शाळेतली मैत्रीण शेजारी बसवा आणि गप्पा मारू द्या. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘छान वाटतंय’ एवढंच येतं. त्याऐवजी विचारा, “शेवटच्या डावात तू डावीकडे का वळलीस?”, “पहाटे मैदानावर जाताना अंधाराची भीती वाटायची का?”, “सोडून द्यावंसं कधी वाटलं?” एका कबड्डीपटूला कुणीतरी विचारलं, “ती पकड सुटली कशी?” तिने खुर्चीवरून उठून सरळ शेजारच्या सरांचा घोटा धरून दाखवला. मंडपात शेवटच्या रांगेतली माणसं उभी राहिली. त्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा पाचशे माणसांसमोर दहा मिनिटं बोललं होतं, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

पदक नसलं तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “बाई, चौथी आली, मग सत्कार कशाचा?”

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये चारशे मीटर अडथळा शर्यतीत पी. टी. उषा चौथी आली. कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने गेलं. पापणी लवायला त्याच्या दसपट तरी वेळ लागतो. त्या चौथ्या क्रमांकाने या देशातल्या किती मुलींना ट्रॅकवर आणलं ते मला माहीत आहे, कारण मी स्वतः त्यांच्यातली एक आहे. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि त्याच वर्षी मी शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घ्यायचं ठरवलं.

आमची रिलेची टीम एकदा राज्याला चौथी आली. दुसऱ्या बदलात बॅटन निसटता निसटता राहिली. ज्या मुलीच्या हातून ती सुटणार होती ती गावात यायलाच तयार नव्हती. आम्ही सत्कार केलाच. चौघींना एकत्र बोलावलं, बॅटन त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, तो बदल पुन्हा करून दाखवा. मैदानावर, सगळ्यांसमोर, हळू वेगात, मग पूर्ण वेगात. चार वेळा केला, चारही वेळा नीट झाला. लोकांना कळलं की ठरलेल्या पट्ट्यात, मागे न बघता, पूर्ण वेगात धावताना हात मागे करून काठी घ्यायची म्हणजे काय. पोरगी हसली. असा सत्कार करताना फक्त एक सांभाळा: ‘पुढच्या वेळी पदक आणायचंच हं’ असं कुणाला म्हणू देऊ नका. ते तिला ठाऊक असतं.

शेवटी वही फिरवा

कार्यक्रम संपायच्या आधी, लोक अजून बसलेले असताना, एक कोरी वही फिरवा. त्यावर लिहा: ‘पुढचं वर्षभर मी काय करणार.’ पहाटे मैदानापर्यंत सोबत कोण जाणार, तालुक्याला स्पर्धेला मोटरसायकलवरून कोण सोडणार, मैदानावरच्या दिव्याचं बिल कोण भरणार. नाव आणि फोन नंबर. दुसऱ्या दिवशी त्या यादीची एक प्रत शाळेच्या भिंतीवर लावा.

माझ्याकडची शेवटची वही एका खो-खोवालीच्या सत्काराची. तिच्यात पहिलं नाव एका टँकरवाल्याचं आहे. आमच्याकडे फेब्रुवारीनंतर मैदान तापून भेगाळतं, मुलींचे गुडघे फुटतात, आणि प्यायलाच पाणी नसतं तिथे मैदानावर मारायला कुठून आणायचं. त्याने लिहिलं होतं, ‘दर दुसऱ्या शनिवारी अर्धा टँकर, विहिरीचं खारं पाणी.’ तीन उन्हाळे झाले, तो येतो. पाइप धरून सगळं मैदान भिजवतो, मुली रोलर ओढतात. निघताना केबिनमधून डोकं बाहेर काढून विचारतो, “बाई, आता किती मिनिटं टिकती ती?”